माप म्हणजे माप

७ जानेवारी

या हातांनी केलेलं: राहत्या घराची सगळी दारं आणि एक सोडून सगळ्या खिडक्या (ती एक आधीच्या मालकाची, अजून करकरते). बायकोचं कपाट, ज्याचा खण एका बोटाने ढकलला तरी शेवटपर्यंत सरळ जातो. मनोविश्लेषण शिकवणाऱ्या संस्थेच्या वाचनालयातली भिंतभर शेल्फं. हत्यारांची पेटी. या वहीची बांधणी. जिच्यावर बसून हे लिहितो आहे आणि परवापासून जिच्यावर बसून दुसऱ्याचं ऐकायचं आहे ती खुर्ची. आणि चौदाव्या वर्षी केलेली एक खाट, जुन्या दाराच्या फळ्यांची. तिच्यात एकही खिळा नाही.

संस्थेच्या अर्जात 'शिक्षण' असा रकाना होता. तो कोरा ठेवून मी अर्जाच्या मागच्या बाजूला ही यादी लिहिली होती. मुलाखतीत एकाने विचारलं, "मनोविश्लेषक व्हायला याचा काय उपयोग?" मी म्हणालो, "सांधा कुठे सुटलाय ते मला हात न लावता कळतं." ते हसले, पण घेतलं. डॉक्टर नसलेला, कॉलेजचं तोंड न पाहिलेला असा मी त्यांचा पहिलाच विद्यार्थी. शेल्फं बसवताना पुस्तकं नुसती उचलून ठेवायची होती, मी ती उघडून ठेवली. एवढंच माझं महाविद्यालय.

हे शिक्षण म्हणजे तीन पायांचं स्टूल आहे. एक पाय व्याख्यानांचा, तो झाला. दुसरा, स्वतः कोचावर पडून स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं. ते संस्थेतल्या विश्लेषक बाईंकडे चालू आहे; वहीत त्या नुसत्या 'बाई'. तिसरा, एक रुग्ण स्वतः घ्यायचा, वर्षभर टिकवायचा आणि दर आठवड्याला मास्तरांना त्याचा हिशेब द्यायचा. मास्तर म्हणजे संस्थेतले सगळ्यात जुने डॉक्टर. हा तिसरा पाय परवा बसतोय. तो बसला नाही तर स्टूल नाही, नुसती फळी.

दुकानाला लागून असलेल्या पुढच्या खोलीला रंग दिला. रुग्णासाठी कोच विकत आणायचा प्रश्नच नव्हता. माळ्यावरून ती खाट उतरवली, डोक्याकडची बाजू उचलून घेतली, गादी शिवून घातली. सांधे अजून पहिल्या दिवसासारखे आहेत. इतक्या वर्षांनी केस शिरेल एवढीसुद्धा फट नाही.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माळ्यावर होती ती बरी होती."

९ जानेवारी

पहिला दिवस. रुग्ण बाई आहे, तिशीची. एका कंपनीत फोनवर तक्रारी घेते. वहीत तिला 'तक्रारवाली' म्हणेन.

ती खूप उंच आहे. हे संस्थेने आधी कळवायला हवं होतं. आडवी झाली तेव्हा तिची पावलं खाटेच्या कडेबाहेर गेली.

"पाय बाहेर जातायत," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. पहिल्या दिवशी विश्लेषकाने कमी बोलावं असं सगळ्या पुस्तकांत आहे.

तिची अडचण तिच्याच शब्दांत: "दिवसभर लोकांची धुलाई यंत्रं बिघडतात आणि मी त्यांना... तो शब्द म्हणायचे. दिवसातून दोनशे वेळा. आता त्याच्याजवळ आलं की आवाज जातो. 'मा' येतं आणि पुढे नुसती हवा. बाकी सगळं बोलता येतं. शिव्यासुद्धा येतात, करून बघितल्या." शब्द आहे 'माफ'. माफ करा, आम्ही माणूस पाठवतो. माफ करा, माणूस आला नाही. साहेबाने तिला बजावलंय की महिन्या-दोन महिन्यांत आवाज आला नाही तर जागा जाईल. घरी थोरली बहीण आहे, दोघीच राहतात, आणि काही महिन्यांपासून बोलत नाहीत. दूध आणायचं असलं तर फ्रिजवर चिठ्ठी.

"आधी कोणी बोलायचं यावर अडलंय," ती म्हणाली. "तिचं म्हणणं मी. मलाही वाटतं मीच. पण म्हणायला गेले की हवा."

जाताना दारापाशी थांबली. "पलीकडे कारखाना आहे का तुमचा? कोणीतरी ठोकत होतं."

पलीकडे माझं दुकान आहे आणि ते बंद होतं. तसं सांगितलं.

१३ जानेवारी

मास्तरांकडे. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून विद्यार्थी दुसऱ्या बाजूला बसतात. मी सगळं शब्दशः सांगितलं, न थांबता. माझी आठवण चांगली आहे.

"पाय बाहेर जातायत म्हणाली?"

"हो."

"तुमचा कोच केवढा आहे?"

"पाच फूट चार इंच."

"आणि ती?"

"नऊ असेल. पाच नऊ."

"मग?"

"मापात चूक नाही," मी म्हणालो. "ते माझ्या वडिलांचं माप आहे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. म्हणाले, "हे तुमच्या बाईंना सांगितलंय का?"

नाही सांगितलं. फर्निचरविषयी बोलायला मी बाईंकडे जात नाही.

२१ जानेवारी

बाईंचं दार चौकटीला घासतं. वरच्या कोपऱ्यात, बोटभर जागेत. मी म्हणालो, "रंधा मारून देऊ का? पाच मिनिटांचं काम आहे."

"दाराचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. याआधीही हेच म्हणाल्या होत्या.

आज वडिलांविषयी बोललो. अभिमानाने बोललो, कारण बोलण्यासारखंच आहे. लाकूड घेताना ते फळीवर मधल्या बोटाचं पेर दोनदा वाजवत. टक टक. मग एकच शब्द: भरीव, किंवा पोकळ. वखारवाला त्यांच्या त्या बोटाला भीत असे. मला शाळेतून काढलं तेही असंच. गणिताचा पेपर पाहिला, माझ्या डोक्यावर पेर दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "पोकळ." दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात. पुढे रोज वाजवत, चुकलं की वाजवत, न चुकलं तर खात्री म्हणून वाजवत. त्यामुळेच मी जे शिकलो ते माझं मी शिकलो. कोणाचे उपकार नाहीत.

बाई म्हणाल्या, "दुखायचं?"

"काय?"

"ते पेर."

"लाकडाला दुखतं का?" मी म्हणालो.

पुढे वेळ संपेपर्यंत मी छताकडे बघत राहिलो. छताच्या कोपऱ्यात ओल आहे, ती मागच्या आठवड्यापेक्षा वाढली आहे.

२९ जानेवारी

तक्रारवालीच्या शब्दावरून मास्तरांना वडिलांची गंमत सांगितली. वडिलांच्या तोंडात फ टिकत नसे. शब्दाच्या शेवटी फ आला की त्याचा प व्हायचा. "दुकान साप कर" म्हणाले की नवा कामगार उडी मारून बाकावर चढायचा. सुजेवर 'बरप' लाव. छातीत 'कप' झालाय. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "कप छातीत, मग बशी कुठे?" त्याचं टेबल वडिलांनी मुद्दाम उशिरा दिलं.

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "तुमच्या बाईंना हेसुद्धा सांगा."

यांना सगळंच बाईंना सांगायला हवं. मास्तर स्वतः कशासाठी आहेत ते कळत नाही.

५ फेब्रुवारी

सांगितलं. पण बशीची गोष्ट ऐकून बाई हसल्या नाहीत. त्यांच्याकडे विनोद वाया जातो. म्हणून मग शेवटच्या आठवड्याचं सांगितलं. हे मी कोणाला सांगत नाही, मिरवल्यासारखं होतं.

वडिलांना ताप होता. आई औषध आणायला गेली होती. मी उशाशी बसलो होतो, वय चौदा. त्यांनी माझा हात धरला. याआधी कधी धरला नव्हता, म्हणून मी आधी हाताकडेच बघत राहिलो. ते म्हणाले, "माप कर." मी विचारलं, "काय?" म्हणाले, "सगळं." नेहमी ते 'माप घे' म्हणत, 'कर' म्हणत नसत, पण तापात माणूस शब्द इकडचे तिकडे करतो. मला बरोबर कळलं. त्यांची खाट जुनी होती, मधे झोळ पडला होता. मी टेप आणला आणि त्यांना टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं. पाच फूट चार. मोजत होतो तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी त्याच दिवशी फळ्या कापायला घेतल्या. खाट पुरी झाली, पण तिच्यावर झोपायला ते राहिले नाहीत.

"शेवटच्या घटकेलाही कामाचं बोलणारा माणूस," मी बाईंना म्हणालो. "मी त्यांच्यावरच गेलोय."

"काय म्हणाले ते?"

"माप कर."

"हं," बाई म्हणाल्या.

एवढ्या महिन्यांत बाईंचं 'हं' मोठं होत चाललंय, बाकी काही नाही.

१२ फेब्रुवारी

तक्रारवाली पुन्हा म्हणाली, ठोकतंय कोणीतरी. ती गप्प झाली की येतं म्हणते. दोनदा. "तुमच्या बाजूने येतं," म्हणाली.

माझ्या बाजूला दुकानाची भिंत आहे. ती गेल्यावर मी सगळं तपासलं. नळाची पाइप भिंतीपासून सुटी आहे, पाण्याचा धक्का बसत नाही. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही. लाकूड सुकताना तडकतं, पण ते असं मोजून दोनदा तडकत नाही. शेवटी दुकान उघडलं. भिंतीला टेकून वडिलांचा कामाचा बाक आहे, त्यावर चादर. चादर उचलली. धुळीत बोट टेकवल्यासारखे दोन ठिपके होते. आधीपासून असतील. मीच कधीतरी टेकलो असेन.

चादर घातली आणि कुलूप लावलं. ते दिवसा कधी लावत नाही.

१९ फेब्रुवारी

आज मलाही ऐकू आलं. ती बहिणीविषयी बोलत होती. लहानपणी बहीण तिची वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे वर ओढले जायचे. मग गप्प झाली. त्या शांततेत टक टक. जवळून. भरीव आवाज होता.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. विश्लेषकाच्या मानेवर काय उभं राहावं याविषयी पुस्तकांत काही नाही.

२० फेब्रुवारी

जेवताना बायकोला सांगितलं. घरात काहीतरी ठोकतंय, दोनदा, रुग्णालाही ऐकू येतं.

तिने घास खाली ठेवला. "अहो, तुम्हीच ठोकता."

"मी?"

"आत्ताच ठोकलंत, ताटाशेजारी. लग्न झाल्यापासून ठोकताय. गॅसवाला पैसे मोजत असतो तेव्हा ठोकता. मी बोलत असते तेव्हा तर ठोकताच."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नाही तर कोण, तुमचे वडील?"

असं म्हणून ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली आणि भांडी उचलून आत गेली.

उजव्या हाताचं मधलं बोट पाहिलं. पेरावर घट्टा आहे. पटाशीने तिथे घट्टा पडत नाही, रंध्यानेही नाही. खुर्ची उजेडात नेली. तिच्या उजव्या हातावर नाण्याएवढ्या जागेत पॉलिश उडालंय. ते पॉलिश मी केलं होतं आणि कच्चं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

सबंध वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. बोटांना मुंग्या आल्या.

ती बराच वेळ गप्प होती. तेवढ्यात आलाच. टक टक. हात मांड्यांखालीच होते, मी पाहिलं.

जाताना तिने आवाजाचं काही विचारलं नाही. मीच विचारलं, आज ऐकू आलं का? ती म्हणाली, "नाही. आज तर शांत होतं. बरं वाटलं."

रुग्णाला प्रश्न विचारायला नको होता. मास्तरांना हे सांगणार नाही.

५ मार्च

तिच्या साहेबाने शेवटची तारीख दिली. महिनाअखेर. मी तिला तिच्या घशाविषयी, आईविषयी, वेणीविषयी बरंच समजावून सांगितलं. तीन वेगवेगळ्या पुस्तकांचा आधार घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "असेल." मास्तर म्हणाले, "तुम्ही तिच्यावर पॉलिश मारताय. आधी लाकूड बघा."

माझ्याशी माझ्या धंद्याच्या भाषेत बोललं की मला कळेल असं त्यांना वाटतं. लाकूड मला त्यांच्याहून जास्त कळतं.

१२ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

तक्रारवाली उशिरा आली. सरळ दातांच्या डॉक्टरकडून. खालचा ओठ सुन्न होता, बोलताना एका बाजूला लोंबत होता. आडवी झाली, पावलं कडेबाहेर गेली, आणि म्हणाली, "उशीर झाला. माप करा."

मी उठलो. पँटच्या उजव्या खिशातला टेप काढला. टेप नेहमी तिथेच असतो. खाटेच्या पायथ्याशी गेलो, कडेला टेपचं टोक लावलं आणि तिच्या टाचेपर्यंत मोजलं. पाच इंच. टेप आत ओढून घेतला, त्याचा आवाज झाला.

ती कोपरावर उठून बघत होती. मी वर पाहिलं. तिचे डोळे मला माहीत होते. म्हणजे तिचे नाही. ते बघणं मला माहीत होतं.

"हे काय केलंत?" ती म्हणाली.

"तुम्ही म्हणालात ना."

"मी काय म्हणाले?"

मी सांगितलं नाही. ती हळूच बूट घालून निघून गेली. वेळ अजून बरीच बाकी होती. खुर्चीत जाऊन बसलो आणि ती पुरी होऊ दिली.

१३ मार्च

मास्तर आज हसले नाहीत.

"पहिल्या दिवसापासून सांगतेय ती पाय बाहेर जातायत म्हणून. आणि काल मोजलंत."

"तीच म्हणाली माप करा."

"काय म्हणाली?"

मी पुन्हा सांगितलं. मास्तरांना वाटलं आपल्या कानाचा दोष आहे. दुसरा कान पुढे केला. मी तिसऱ्यांदा म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले, कीव केल्यासारखे, आणि मला त्यांचा राग आला.

"संस्थेच्या समितीला कळवावं लागेल," ते म्हणाले. "रुग्णाच्या अंगाला टेप लावलात तुम्ही. मी नाही कळवलं तर ती कळवेल, आणि ते बरोबरच होईल. तुम्ही बाईंकडे जा. आजच जा, वार बघू नका."

बाईंनी दार उघडलं, घासतच उघडलं. मी कोचावर पडलो आणि कालचं सगळं सांगितलं. सुन्न ओठ, टेप, पाच इंच.

"ती काय म्हणाली?"

"माप करा."

"तिला काय म्हणायचं होतं?"

"तेच. तो तिचा अडकलेला शब्द. ओठ सुन्न होता, म्हणून फ चा..."

वाक्य तिथेच राहिलं. छताकडे बघत होतो. ओलीचा डाग आता कोचाच्या बरोबर वर आलाय.

बाई म्हणाल्या, "दुकान काय कर म्हणायचे ते?"

"साप."

"सुजेवर?"

"बरप."

त्यांनी पुढचं विचारलं नाही.

मी म्हणालो, "त्यांनी हात धरला होता."

"हो," बाई म्हणाल्या. 'हं' नाही, 'हो'.

"मी त्यांना मोजलं."

वेळ संपून गेली तरी त्यांनी सांगितलं नाही. निघताना दार पुन्हा घासलं. रंध्याचं मी काही बोललो नाही.

१५ मार्च

सगळं, म्हणाले होते वडील. मी 'काय?' विचारलं, तर ते म्हणाले, सगळं.

१९ मार्च

तक्रारवालीचा फोन आला. आवाज इतका मोकळा होता की आधी ओळखला नाही.

"तुमचं टेपचं ताईला सांगितलं," म्हणाली. "म्हणजे सांगायचं नव्हतं. चिठ्ठी लिहायला बसले, तुमची तक्रार करायची म्हणून, की मी असं असं म्हणाले आणि यांनी टेप काढला. लिहिताना तोंडाने म्हणत होते. ताई मागे उभी. ती म्हणाली, काय म्हणालीस परत म्हण. परत म्हणाले, तर आम्ही दोघी हसायलाच लागलो. किती महिन्यांनी. पोट दुखलं."

"बरं झालं," मी म्हणालो.

"संस्थेकडे तक्रार केली नाही. दिवसभर तेच ऐकते, अजून एक कुठे वाढवू. पण..." इथे ती थांबली. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. "माफ करा, मी आता येणार नाही."

शब्द पूर्ण होता. फ सकट.

फोन ठेवल्यावर मला वाईटच वाटत राहिलं. माझा तिसरा पाय गेला, याचं. शब्द आला हे जेवण झाल्यावर लक्षात आलं. त्यात माझं काय होतं याचा विचार केला. टेप माझा होता.

२३ मार्च

बायको भाजी आणायला गेली असताना पुढच्या खोलीत गेलो. ती खाट केल्यापासून मी तिच्यावर कधी आडवा झालो नव्हतो. आज झालो.

माझेही पाय बाहेर जातात. तीन इंच. म्हणजे मी वडिलांपेक्षा उंच आहे. हे मला माहीत नव्हतं. मनात ते नेहमी वरून वाजवायचे.

आवाजाची वाट बघत पडून राहिलो. आला. दोनदा, डोक्याच्या वर, जिथे खुर्ची आहे. खुर्चीत कोणी नव्हतं. हात छातीवर होते. उठून पाहिलं नाही.

बाहेरचं दार वाजलं, बायको आली. मी झोपल्या झोपल्याच म्हणालो, "केलं." मग वाटलं, काय केलं ते सांगायला हवं, म्हणून पूर्ण म्हणालो. तोंडातून काय निघालं याची खात्री वाटेना. मोठ्याने विचारलं, "मी काय म्हणालो?"

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही. परत म्हणा."

परत म्हणालो नाही.

३० मार्च

समितीचा निर्णय मास्तरांनी घरी येऊन सांगितला. पत्र पाठवू नका, मी जातो असं समितीला म्हणाले म्हणे. बायकोने चहा ठेवला. ते पुढच्या खोलीत खुर्चीत न बसता खाटेच्या कडेवर बसले.

निर्णय असा: हा रुग्ण हिशेबात धरला जाणार नाही. बाईंकडचं माझं विश्लेषण चालू ठेवायचं, निदान दोन वर्षं. त्यानंतर नवा रुग्ण द्यायचा की नाही ते समिती ठरवेल. देईलच असं नाही.

"आणखी एक आहे," मास्तर म्हणाले. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "नवी इमारत होतेय. चौदा खोल्या. प्रत्येक खोलीत कोच आणि मागे खुर्ची. सगळ्यांचं मत पडलं, की हे काम तुम्हालाच द्यावं. तुमच्यासारखा हात मिळणार नाही."

"हे सांत्वन आहे की निरोप?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "विचारायला सांगितलं, विचारलं."

त्यांनी रक्कम सांगितली. एवढी रक्कम या दुकानाने एका कामात कधी पाहिलेली नाही. वडिलांच्या वेळीही नाही.

"कोच केवढे हवेत?" मी विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा. तुमचं माप कधी चुकत नाही."

खिशात हात गेला. टेप तिथे होता. मी तो काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. मास्तरांनी तो बघितला.

मी नाही म्हणालो. दुसऱ्याला द्या म्हणालो, वखारीशेजारी एक चांगला माणूस आहे. मी गुरुवारी बाईंकडे जातो, तेवढं चालू ठेवतो. पुढचं पुढे.

मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि मागे वळून खाटेवर मधल्या बोटाने वाजवणार तेवढ्यात थांबले. हात खिशात घातला.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "किती म्हणत होते?"

सांगितलं. तिने चहाचे कप एकात एक ठेवले, पुन्हा सुटे केले. मग म्हणाली, "बरं. पण आकडा आजच लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी दुप्पट सांगाल."

म्हणून लिहितो. या हातांनी न केलेलं: चौदा कोच आणि चौदा खुर्च्या. लाकूड त्यांचं, मजुरी माझी. तीन लाख ऐंशी हजार, निम्मे आगाऊ.